शास्त्रवचनाचा अर्थ लावताना वाद नेमका कशावर होतो?

1932 साली फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे खानदेशात बहुतेकांना ठाऊक असते. त्यांतील चौथ्या अध्यायावरच्या निरूपणात विनोबांनी जे केले, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या अध्यायात भगवान अर्जुनाला सांगतात, की कर्म म्हणजे काय ते जाणावे, विकर्म म्हणजे काय तेही जाणावे आणि अकर्म म्हणजे काय तेही जाणावे. शंकराचार्यांच्या भाष्यात विकर्माचा अर्थ सरळ आहे: शास्त्राने मना केलेले कर्म. विनोबांनी तो अर्थ घेतला नाही. विकर्म म्हणजे विशेष कर्म, बाहेरच्या स्वधर्मरूप कर्माला जोडलेली मनाची आतली साधना, असे ते म्हणाले, आणि कर्माला विकर्माची जोड मिळाली की त्याचे अकर्म होते, अशी पुढची सगळी मांडणी त्यांनी या अर्थावर उभी केली.

मग विनोबांनी गीतेला स्वतःचे म्हणणे चिकटवले काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात याच ठिकाणी वर्णाश्रमाला उचित असे ‘जें विशेष कर्म विहित’ ते ओळखावे, असे शब्द येतात. म्हणजे ‘वि’ या उपसर्गातून ‘विशेष’ हा अर्थ काढण्याची वाट मराठीत सातशे वर्षांहून अधिक जुनी आहे. शिवाय मूळ श्लोकात विकर्माची व्याख्या दिलेली नाही, आणि लगेच पुढच्या श्लोकात केवळ कर्म आणि अकर्म यांचाच विचार होतो. मूळ ग्रंथच जिथे गप्प राहतो, तिथे भाष्यकाराला बोलणे भाग पडते. शंकराचार्यांचा अर्थ शब्दाच्या रूढ वापराशी अधिक जुळतो आणि विनोबांचा अर्थ अध्यायाच्या ओघाशी अधिक जुळतो, असे माझे मत आहे. यांतला कोणता निकष वरचा मानायचा, हा खरा वाद आहे, आणि त्याचे उत्तर कोशात सापडत नाही.

चातुर्मास लागला की खानदेशात गावोगाव पारायणे आणि हरिनाम सप्ताह सुरू होतात, कीर्तनकार निरूपण करतात, आणि कीर्तन आटोपल्यावर पारावर वाद रंगतात: अमुक महाराजांनी लावलेला अर्थ बरोबर की चूक, पोथीत असे खरोखरच लिहिले आहे काय, लिहिले असले तरी आज ते मानायचे काय. हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, परंतु बोलताना ते एकमेकांत मिसळतात, आणि म्हणूनच पुष्कळ वाद संपत नाहीत. एक जण शब्दाच्या अर्थाविषयी बोलत असतो, दुसरा त्या वचनाच्या अधिकाराविषयी, आणि दोघांनाही वाटते की समोरचा मुद्दाम ऐकत नाही. हे प्रश्न सुटे करून पाहण्याची कला आपल्या परंपरेत फार पूर्वी विकसित झालेली आहे. तिचे नाव पूर्वमीमांसा.

वेदांतील यज्ञविषयक वाक्यांचा अर्थ निश्चित करण्यासाठी जैमिनींच्या सूत्रांपासून हे शास्त्र वाढले. त्याची पहिली आणि सर्वांत उपयोगी शिकवण अशी, की ग्रंथातले प्रत्येक वाक्य एकाच जातीचे नसते. काही वाक्ये आज्ञा करतात, त्यांना विधी म्हणतात. काही वाक्ये मनाई करतात, ते निषेध. आणि काही वाक्ये त्या आज्ञेची थोरवी गातात किंवा उलट गोष्टीची निंदा करतात, त्यांना अर्थवाद म्हणतात. ऐश्वर्याची इच्छा असणाऱ्याने वायुदेवतेसाठी अमुक याग करावा, हा विधी. त्याच्यालगत ‘वायु ही सर्वांत वेगवान देवता आहे’ असे वाक्य येते. मीमांसकांच्या मते हे वाक्य वायूविषयी माहिती देण्यासाठी आलेले नाही. ते माणसाला यागाकडे वळवण्यासाठी आले आहे, आणि त्याचा अर्थ मूळ विधीशी जोडूनच घ्यायचा. पोथ्यांच्या शेवटी येणाऱ्या फलश्रुतीलाही हाच नियम लावता येतो. अमुक अध्याय वाचला की तमुक व्याधी जाते, हे वाचनाकडे ओढणारे स्तुतिवाक्य आहे. ते औषधाच्या बाटलीवरची सूचना म्हणून वाचले, की भक्त आणि टीकाकार दोघेही एकाच चुकीच्या वाटेने जातात.

निंदेविषयीचा त्यांचा नियम तर अधिकच मार्मिक आहे. एखाद्या गोष्टीची निंदा ही त्या गोष्टीला हिणवण्यासाठी नसून दुसऱ्या, सांगायच्या गोष्टीची स्तुती करण्यासाठी असते, असे मीमांसक म्हणतात. संतांच्या अभंगांत योग, याग, तीर्थे, व्रते यांच्यावर कडक शब्द येतात, तेव्हा ते नाममाहात्म्य सांगण्यासाठी आहेत की त्या आचारांचा खरोखरच निषेध आहे, हे दर वेळी संदर्भ पाहून ठरवावे लागते. इथे सावध राहायला हवे. हा नियम सरसकट लावला, तर संतांनी कर्मकांडावर केलेली खरी टीकाही ‘केवळ स्तुतीची रीत’ म्हणून निष्प्रभ करता येते, आणि तसे करणारे आजही भेटतात.

हे सगळे यज्ञयागांपुरते राहिले असते, तर त्याची चर्चा पाठशाळेबाहेर करण्याचे कारण नव्हते. परंतु याच पद्धतीने धर्मशास्त्राचा अर्थ लावला गेला आणि त्यावर माणसांच्या घरादाराचे, जमीनजुमल्याचे निकाल ठरले. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात एक छोटे वाक्य आहे: पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र दत्तक देऊ नये किंवा घेऊ नये. शब्दांविषयी कोणाचाही मतभेद नाही. आता प्रश्न असा, की पती वारल्यावर विधवेने दत्तक घ्यावा काय?

या एका वाक्यातून हिंदुस्थानात चार वेगवेगळे कायदे निघाले. मिथिलेच्या पंडितांनी म्हटले, की अनुज्ञा दत्तविधानाच्या वेळी हवी. पती हयात नाही, म्हणजे अनुज्ञा अशक्य, म्हणून विधवेला दत्तक घेताच येणार नाही. बंगालमध्ये मानले गेले, की पतीने जिवंतपणी परवानगी देऊन ठेवली असेल तर ती पुरे. दक्षिणेत त्याही पुढे जाऊन ठरले, की पतीची परवानगी नसेल तर सपिंड, म्हणजे पतीच्या जवळच्या रक्ताच्या, नातलगांची संमती चालेल. आणि आपल्या मुंबई इलाख्यात असा अर्थ रूढ झाला, की हे वाक्य मुळी सधवेविषयी आहे. जिचा पती हयात आहे तिने त्याला डावलून दत्तक घेऊ नये, एवढाच त्याचा हेतू. जिला पतीच नाही तिला ही अट लागूच होत नाही. या अर्थामागे नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील ग्रंथ आहे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे आणि ते काशीत राहत होते.

खानदेशाच्या दृष्टीने यात एक खास गोष्ट आहे. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे ‘मयूख’ वरचढ मानला, महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका वरचढ मानली, आणि पुणे, अहमदनगर व खानदेश या तीन जिल्ह्यांत दोन्ही ग्रंथांना सारखे वजन दिले. म्हणजे एखाद्या प्रश्नावर या दोन ग्रंथांचे एकमत नसेल, तर आपल्याकडच्या वकिलांना दोन्ही बाजूंनी भांडायला शास्त्राधार मिळत असे.

या चौघांपैकी खरे कोण, असे विचारण्याचा मोह होतो. मद्रास इलाख्यातील अशाच एका दत्तकाच्या खटल्यात 1868 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या अंतिम अपील न्यायालयाने, हा प्रश्न बाजूला ठेवला. जुन्या ग्रंथांतून एखादा सिद्धांत नीट निघतो की नाही याची छाननी करणे हे न्यायाधीशाचे मुख्य काम नाही. त्या प्रदेशातील परंपरेने तो स्वीकारला आहे काय आणि रूढीने त्याला मान्यता दिली आहे काय, हे पाहायचे, अशी त्या निकालाची भूमिका होती. रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षाही बलवान, असेही त्यात म्हटले आहे. वचनाचा मूळ अर्थ आणि लोकांनी मानलेला अर्थ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळेल असे वाटत नाही. पुढे 1956 च्या दत्तकविषयक कायद्याने हा सगळा वाद न्यायालयापुरता निकालात निघाला.

आता सुट्या वाक्याकडून संपूर्ण ग्रंथाकडे वळू. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवायचे, यासाठी परंपरेने काही खुणा सांगितल्या आहेत: ग्रंथाचा आरंभ आणि शेवट कोणत्या विषयाने होतो, मध्ये पुन्हा पुन्हा काय सांगितले आहे, नवीन असे काय सांगितले आहे, फळ कोणते सांगितले आहे, स्तुती कशाची केली आहे आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या खुणा हाती घेतल्या आणि विचारले, की आरंभी अर्जुन युद्धातून माघार घेतो, शेवटी ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून उभा राहतो. मग हा ग्रंथ संन्यास सांगणारा कसा असेल? तर्क बिनतोड वाटतो. परंतु शंकराचार्यांनाही या खुणा ठाऊक होत्या. फरक एवढाच, की त्यांच्या भाष्याचा खरा आरंभ दुसऱ्या अध्यायातील अकराव्या श्लोकापाशी होतो, जिथे भगवंताचा उपदेश सुरू होतो. त्याआधीचा रणभूमीचा प्रसंग त्यांच्या दृष्टीने उपदेशाचे निमित्त आहे, उपदेशाचा भाग नाही. ग्रंथ कुठून सुरू झाला असे मानायचे, यावर तो काय सांगतो हे ठरते, आणि आरंभ कोणता हे मात्र त्या खुणांमध्ये सांगितलेले नाही. मला इथे टिळकांची बाजू अधिक पटते, कारण प्रसंग वगळून संवाद समजून घेणे अवघड आहे. पण ही माझी निवड आहे, शास्त्राचा निर्णय नव्हे.

प्रसंगाला किती महत्त्व द्यायचे, याचा सर्वांत काटेकोर विचार मराठीत महानुभावांनी केला असे म्हणावे लागेल. खानदेशात या पंथाचे अनुयायी आजही पुष्कळ आहेत. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळांतून, म्हणजे आठवणींतून, त्यांची वचने निवडून केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला, आणि मग सूत्र सुटे पडल्यावर त्याचा अर्थ भरकटू नये म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ परंपरेत तयार झाला. इस्लाममध्ये कुराणाच्या आयती, म्हणजे वचने, कोणत्या प्रसंगी अवतरल्या याचा अभ्यास करणारी शाखा आहे, तिच्यामागची गरज नेमकी हीच. कुराणाच्या तिसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तर असे म्हटले आहे, की काही आयती स्पष्टार्थाच्या आहेत आणि काही अनेकार्थी. आणि अनेकार्थी आयतींचा अर्थ केवळ अल्लाच जाणतो की ज्ञानात मुरलेले लोकही जाणतात, हे त्या वाक्यात विराम कुठे घ्यायचा यावर अवलंबून असल्याने भाष्यकारांत दोन पक्ष पडले आहेत. ख्रिस्ती परंपरेने मध्ययुगात बायबलच्या वचनाचे चार स्तर मानले: शब्दार्थ, रूपकार्थ, नीतिपर अर्थ आणि परलोकपर अर्थ.

अर्थाच्या आधी पाठ येतो, हे धुळेकरांना वेगळे सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्यभर रामदासी बाडे गोळा केली आणि कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला. स्वतः एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे जो तिच्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, अशी तंबीच देऊन ठेवली. ज्या शब्दावर आपण तासभर वाद घालतो तो शब्द मूळ पोथीत होता काय, हे आधी पाहावे, इतकाच याचा अर्थ.

उरतो अधिकाराचा प्रश्न. त्याला दोन बाजू आहेत: वचनाला अधिकार किती, आणि अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला. पहिल्या बाजूविषयी शंकराचार्यांचे गीताभाष्यातील एक विधान श्रद्धाळूंनी आणि अश्रद्धांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितले तरी ते प्रमाण होत नाही, असे ते म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी ठरवणे हे श्रुतीचे क्षेत्रच नव्हे.

दुसऱ्या बाजूचा इतिहास मात्र कडवट आहे. स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे मानले गेले, आणि शूद्रांविषयी ते ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यांतही सांगितले गेले. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला, असे ज्ञानेश्वर म्हणाले. ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ हे तुकोबांचे उद्गार त्याच भिंतीवर घातलेला घाव आहेत. तरी संतांनी वचनाचा अधिकार मोडला नाही. अर्थ सांगणारा बदलला. ज्ञानेश्वर स्वतःविषयी बोलताना व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत आपण निघालो असे सांगतात.

तो अधिकारच नाकारणारी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या, पण तिथे होऊ न शकलेल्या भाषणात मांडली. व्याकरणाने किंवा तर्काने वाचले असता शास्त्रांचा अर्थ लोक समजतात तसा नाहीच, असे सांगून काही साधत नाही; लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली आहेत तेच महत्त्वाचे, असा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींनी त्याला उत्तर देताना म्हटले, की धर्माचा अर्थ केवळ विद्वान सांगू शकत नाहीत. तो संतांच्या आणि द्रष्ट्यांच्या अनुभवात जगतो, आणि धर्माची परीक्षा त्याच्या उत्तम माणसांवरून व्हावी. त्यावर आंबेडकरांनी विचारले, की संतांचे वागणे लोकांनी कधी अनुकरणासाठी घेतले काय? संताने जात मोडली तरी सामान्य माणसाने मोडू नये, असेच त्यांना शिकवले गेले. प्रिव्ही कौन्सिलने दत्तकाच्या खटल्यात थंडपणे नोंदवलेली गोष्टच इथे माणसांच्या दुःखाच्या बाजूने बोलली गेली आहे, आणि मला तिचे समाधानकारक उत्तर अजून कोणत्याही भाष्यकाराकडे दिसलेले नाही. नवा अर्थ कितीही उदार असला, तरी जुन्या अर्थाने जगलेल्या पिढ्यांना तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही.

हे सर्व प्रश्न एकाच श्लोकावर लावून पाहायचे असतील, तर गीतेच्या नवव्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक घ्यावा. माझा आश्रय घेणारे, पापयोनीत जन्मलेले, स्त्रिया, वैश्य आणि शूद्र हेसुद्धा परमगतीला जातात, असे त्यात म्हटले आहे. ‘पापयोनी’ हे पुढच्या तिघांचे विशेषण की वेगळा चौथा वर्ग? व्याकरण दोन्हींना वाव देते. शंकराचार्यांनी ते विशेषण मानले. काही आधुनिक टीकाकारांनी वेगळा वर्ग मानला. मागेपुढे पाहिले, तर पुढचाच श्लोक ‘मग पुण्यवान ब्राह्मणांविषयी काय सांगावे’ असा आहे, आणि त्या तुलनेमुळे जुन्या अर्थाला बळ मिळते. वाक्याची जात पाहिली, तर सांगायची गोष्ट ‘तेही परमगतीला जातात’ ही आहे, कोणाची योनी कशी हे सांगणे हा हेतू नाही. कीर्तनकार या हेतूवर बोट ठेवून म्हणतो, की हा श्लोक सर्वांना दार उघडून देतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. समोर बसलेली एखादी शिकलेली मुलगी विचारते, की दार उघडण्याआधी आम्हांला बाहेर कोणी आणि कोणत्या शब्दांत उभे केले होते, आणि तिचेही म्हणणे बरोबर आहे. तो श्लोकाच्या तात्पर्याविषयी बोलतो आहे आणि ती त्याने गृहीत धरलेल्या गोष्टीविषयी विचारते आहे. तिला ‘पापयोनी हा वेगळा वर्ग आहे’ एवढेच उत्तर देऊन वाटेला लावण्यापेक्षा, श्लोक त्या काळच्या समजुती धरून बोलतो आणि त्या समजुती आज मी मानत नाही, असे कीर्तनकाराने सांगितले, तर ते अधिक प्रामाणिक ठरेल. मात्र तसे सांगताना तो अर्थ लावण्याचे काम सोडून वचनाच्या अधिकाराविषयी निर्णय देत असतो, आणि तो निर्णय व्याकरणाने घेता येत नाही.